तेरेसाचा खंड्या

खंड्या म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठा खंड्या येतो, विजेच्या तारेवर बसून अख्ख्या गावाची हजेरी घेणारा, तपकिरी डोक्याचा आणि पांढऱ्या छातीचा. हा तो नव्हे. हा त्याचा धाकटा भाऊबंद, जेमतेम चिमणीएवढा. पाठ निळी, आणि उडाला की त्या निळ्याला अशी चमक येते की बघणाऱ्याने हातातलं काम सोडावं. पोट पिकल्या पपईच्या रंगाचं. मानेच्या बाजूला पांढरा ठिपका, शेपूट नावापुरतं, पाय लालचुटुक आणि इतके तोकडे की बसल्यावर आहेत की नाहीत ते कळू नये. चोच मात्र अंगाच्या मानाने भलतीच मोठी, घाईघाईत दुसऱ्याच कुणाची तरी आणून बसवल्यासारखी. नर कोण आणि मादी कोण हेही त्या चोचीवरूनच ओळखायचं. मादीची खालची चोच तांबडी असते.

मूळचा हा नदी-ओढ्यांचा जीव. निवळ पाणी, पाण्यावर वाकलेली एखादी फांदी आणि मातीचा उभा काठ, एवढं मिळालं की त्याचा संसार सुखाचा. काही फार मोठी मागणी नाही. पण आज वसई-विरारमध्ये एवढं मागून बघा, लोक वेड्यात काढतील. मातीचा काठ दिसला की कुणाला तरी तिथे भिंत बांधायची घाई होते, आणि निवळ पाणी दिसलं की त्यात काहीतरी सोडून द्यायची. मग तो बिचारा नदी सोडून खाडीला, खाडी सोडून ओहोळाला असं करत करत सांडोरला रेमंडच्या वाडीतल्या बावखलावर येऊन राहिला.

बावखल म्हणजे वाडीतलं तळं. रेमंडच्या पणज्याने की त्याच्याही बापाने ते हाताने खणलं होतं. पावसाळ्यात भरायचं आणि उन्हाळाभर केळीला, अळूला, पडवळाच्या मांडवाला पाणी पुरवायचं. एके काळी सांडोरमध्ये वाडी तिथे बावखल होतं. आता बरीचशी भरणीच्या ट्रकांनी गिळली. रेमंडचं उरलं, कारण ते त्याच्या एकट्याचं नव्हतं. निम्मं त्याचा चुलतभाऊ क्लिफर्ड याचं होतं, आणि दोघांचं कुठल्याच गोष्टीवर एकमत होत नसे.

रेमंडने सातिवलीच्या एका कारखान्यात लेथवर उभं राहून आयुष्य काढलं होतं. यंत्राच्या आवाजाने कान अर्धे गेले आणि बोलायची सवय पूर्ण गेली. पण घरात बोलण्याची उणीव कधी कुणाला भासली नाही, कारण त्याची बायको तेरेसा दोघांच्या वाटणीचं बोलायची. माणिकपूरच्या बाजारात ती भाजीची टोपली घेऊन बसायची, तेव्हा तिचा आवाज रिक्षास्टँडपर्यंत जायचा. भाव सांगताना समोरच्याच्या मुलांची चौकशी करायची आणि चौकशी करता करता त्याला आणखी दोन जुड्या उचलायला लावायची. घरी आल्यावर बाजारातली, चर्चमधली, शेजारची सगळी बातमी रेमंडला जेवताना ऐकवायची. तो "हं" म्हणायचा. मधेच ती विचारायची, "ऐकतेव का भिताडाशी बोलते मी?" तेव्हाही तो "हं"च म्हणायचा.

नाताळच्या तोंडावर, करंज्यांचं सारण ढवळता ढवळता, तेरेसा स्वयंपाकघरात पडली. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

घर एकदम मुकं झालं. रेमंड तिला भरवायचा, पुसायचा, कूस बदलून द्यायचा. मुलगी सॅन्ड्रा माणिकपूरला एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती, ती सकाळ-संध्याकाळ हात द्यायची. तेरेसाला सगळं समजत होतं. मान हलवून ती हो-नाही सांगायची. पण महिना गेला, दोन गेले, तशी ती मानही हलवेनाशी झाली. छताकडे बघत पडून राहायची. रेमंड समोर बसला की त्याला वाटायचं, आपण काहीतरी बोलावं. पण बोलायचं काय, हे आयुष्यभर तिनेच ठरवलेलं.

बोलायला शिकवणारी एक बाई आठवड्यातून एकदा येऊन जाई. ती जाताना स्पष्टच म्हणाली, "अंकल, शब्द कोंबून येत नाहीत. त्यांना स्वतःहून काहीतरी सांगावंसं वाटलं पाहिजे. असं काय आहे ते तुम्ही शोधा. आणि लवकर शोधा. सुरुवातीचे महिने वाया गेले की पुढे फार कठीण होतं."

रेमंडने शोधलं. जुने फोटो दाखवले, रेडिओ लावला, फादरना बोलावून आणलं, तिच्या बाजारातल्या मैत्रिणींना आणून बसवलं. मैत्रिणी रडल्या आणि चहा पिऊन गेल्या. तेरेसा छताकडेच बघत राहिली.

शेवटी त्याने खाट हलवली. दुसरं काही सुचलं नाही म्हणून हलवली, एवढंच. मागच्या खोलीत, बावखलाच्या बाजूच्या खिडकीशी, उशीला खिडकीची चौकट लागेल अशी ती लावली. तिथून पाणी दिसायचं, पाण्यापलीकडचा काठ दिसायचा आणि त्या काठावरून पाण्यावर वाकलेलं भेंडीचं, भाजीच्या नव्हे तर खाडीकाठी वाढणाऱ्या भेंडीचं, जुनं झाड दिसायचं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तो तिला पेज भरवत होता. भेंडीच्या फांदीवरून काहीतरी निळं खाली सुटलं, पाण्यात टपकन वाजलं, आणि खंड्या चोचीत मासळी घेऊन परत फांदीवर. फांदीवर त्याने ती दोनदा आपटली, चोचीतल्या चोचीत फिरवून डोक्याकडून धरली आणि गिळून टाकली. मग अंग फुलवून असा बसला की जणू आपण त्या गावचेच नाही.

"खं," तेरेसा म्हणाली.

रेमंडच्या हातातला चमचा पेजेत पडला. त्याला वाटलं, ठसका लागला. तिने डावा हात उचलून खिडकीकडे केला. "खं."

त्या संध्याकाळी सॅन्ड्रा घरी आली तेव्हा बाप दारातच उभा होता. गेल्या कित्येक महिन्यांत तो तिच्याशी एका दमात इतकं बोलला नव्हता. सॅन्ड्राने आईला मिठी मारली आणि दोघी रडल्या. रेमंड मात्र बाहेर जाऊन केळीच्या आळ्यात उगाचच पाणी सोडत बसला, कारण त्यालाही रडू येत होतं.

तिथून पुढे दिवस खंड्यावर चालू लागला. तो पाण्यावरून बाणासारखा सरळ यायचा, पाण्याला अगदी चिकटून, आणि येण्याआधी चीं-चीं अशी बारीक तार ऐकू यायची. रेमंडला ती ऐकू येत नसे, पण तेरेसाचा हात उठला की तो ओळखायचा. ती "खं" म्हणायची, कधी नुसतं, कधी लांबवून. मार्चमध्ये दुसरा आला, खालची चोच तांबडी असलेला. पहिल्याने मासळी पकडली, स्वतः गिळली नाही, सरकत सरकत जाऊन तिच्या चोचीत दिली. रेमंड म्हणाला, "बघ गो बाय, मी कधी दिली का तुला अशी मासळी?" आणि तेरेसा हसली. अर्ध्याच तोंडाने हसली, पण हसली.

पुढे ती दोघं भेंडीच्या मागे कुठेतरी गडप व्हायला लागली. बराच वेळ दिसायची नाहीत, मग पुन्हा फांदीवर. रेमंड खुर्चीत बसून बघे. त्याच्या नजरेसमोर भेंडीची पानं यायची, म्हणून त्याने ठरवून टाकलं की घरटं त्या झाडावरच आहे. पक्ष्याचं घरटं आणखी असणार कुठे? खाटेवर आडवी पडलेली तेरेसा त्या पानांच्या खालून बघत होती. तिला पलीकडचा काठ पार पाण्यापर्यंत दिसत होता. पण हा फरक रेमंडच्या कधी ध्यानात आला नाही.

मे महिना लागला आणि क्लिफर्ड आला. स्वतःच्या बंगल्यापुढे गाड्या लावायला जागा नाही, हे त्याचं जुनं दुखणं. यंदा नवीन कारण मिळालं होतं.

"रेमंड, पाणी बघ किती घाण झालंय. जलपर्णी, प्लॅस्टिक, मच्छर. शेजाऱ्यांनी कंप्लेंट केलीय. उद्या कुणाला डेंग्यू झाला तर आपल्या दोघांचं नाव येणार. पावसाआधी भरून टाकू. ट्रकवाला माझ्या ओळखीचा आहे."

एरवी रेमंडने खांदे उडवले असते. त्या दिवशी तो खुर्चीतून उठला आणि क्लिफर्डच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "भरायचा नाय. माझी बायको त्या पान्याकडं बघून बोलाया लागलीय. तू भर, मग बघ मी काय करतो."

क्लिफर्ड दोन पावलं मागे सरला. भावाचा आवाज इतका मोठा आहे हे त्याला माहीतच नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे बाबा. पण मग साफ तरी कर. साफ दिसलं तर शेजाऱ्यांना मी सांगतो. तसंच राहिलं तर मी ट्रक आणणार."

रेमंडने शब्द दिला. आणि त्याच रात्रीपासून त्याला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागायला लागली.

बावखल साफ करायची रीत सांडोरला जुनी आहे. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की वाडीतली माणसं आत उतरायची. झाडपाला काढायचा, तळाचा गाळ घमेल्यांनी वर द्यायचा. हा काळा गाळ म्हणजे केळीला अमृत. थोडा मात्र राखून ठेवायचा, काठ लिंपायला. काठाला खेकड्यांची बिळं असतात, पावसाचं पाणी त्यांतून शिरतं आणि काठ ढासळतो. म्हणून प्रत्येक बिळात गाळाचे गोळे कोंबायचे आणि माडाच्या झावळीच्या रुंद बुंध्याने काठ वरून खाली थापटत न्यायचा. चांगला थापटलेला काठ उन्हात असा वाळतो की त्यावर कुऱ्हाड मारली तरी टण वाजावं. रेमंडच्या बापाची या कामात ख्याती होती. रेमंडनेही हात त्याचाच घेतला होता.

चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सॅन्ड्राने निरोप टाकला आणि रविवारच्या मिस्सानंतर बरीच माणसं जमली. क्लिफर्ड जेसीबी आणायला निघाला होता, तो बेत रेमंडने हाणून पाडला. यंत्राच्या घरघरीने पाखरं उडून जातील. सगळं हाताने करायचं. भेंडीच्या बुंध्याला त्याने लाल फडकं बांधलं आणि प्रत्येकाला बजावलं, "या झाडाला कोनी हात लावायचा नाय. फांदी तोडायची नाय, खाली बसून बिडी फुकायची नाय. वर खंड्याची पिल्लं असतील." पोरं हसली. रेमंडअंकल इतके शब्द बोलताना त्यांनी कधी पाहिले नव्हते.

इतकी काळजी त्या माणसाने घेतली. इतकी काळजी, आणि सगळी भलत्याच जागी.

दुपार कलेपर्यंत जलपर्णीचा ढीग वर आला, प्लॅस्टिकची पोती भरली, गाळ केळीच्या आळ्यांत गेला. उरला काठ. भेंडीखालचा काठ सगळ्यांत उभा आणि अवघड, म्हणून तो रेमंडने स्वतःकडे घेतला. कमरेएवढ्या चिखलात उभा राहून तो एकेक बीळ बुजवत आला. भेंडीच्या बरोबर खाली, त्याच्या छातीच्या उंचीवर, एक बीळ होतं. खेकड्याच्या बिळापेक्षा गोल, स्वच्छ कोरलेलं. तोंडाखाली चुन्यासारखे पांढरे ओघळ. त्याने तोंड जवळ नेलं तर आतून कुजक्या मासळीचा भपकारा आला.

त्याने नाक मुरडलं. आत खेकडा मरून सडला असणार. असली बिळं तर आधी बुजवावीत, नाहीतर मुंगूस-घुशी येऊन मोठी करतात. त्याने गाळाचा मोठा गोळा केला, बिळात कोंबला, मनगटापर्यंत हात घालून दाबला. वर दुसरा लावला. मग झावळीचा बुंधा घेऊन थापटला, चांगला थापटला, बापाने शिकवल्यासारखा.

तेव्हाच खिडकीतून तेरेसाचा आवाज आला.

"खं! खं! खं!"

रेमंडच्या कानांनासुद्धा ऐकू आलं, इतका मोठा. तो वळला. खिडकीत तिचा डावा हात दिसत होता, गजांवर जोरजोराने आपटत असलेला. चिखलाने माखलेल्या रेमंडचा चेहरा फुलला. त्याने बुंधा उंच धरून तिला दाखवला, हात हलवला. काठावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. "आंटी खूश झाल्या!" कुणीतरी ओरडलं. रेमंडने वळून शेवटचे चार तडाखे आणखी जोरात हाणले. बायको बघते आहे म्हटल्यावर माणूस जरा जास्तच कष्ट करतो.

तेरेसा थांबेना. घशाच्या शिरा ताणून ती ओरडत राहिली, मग खोकत राहिली. सॅन्ड्रा धावत आत गेली. एवढी गडबड, एवढे अनोळखी आवाज, मम्मीला सहन होत नसेल, असं तिला वाटलं. तिने आईला थोपटलं, पाणी पाजलं आणि खिडकी लावून घेतली.

सोमवारी रेमंडने खिडकी उघडली. पाणी थोडंसंच होतं, पण इतकं नितळ की आभाळ त्यात उतरलेलं. काठ काळाभोर, गुळगुळीत. क्लिफर्ड येऊन बघून गेला आणि "झकास" म्हणाला. जाताना त्याने मोबाईलवर फोटोही काढला. आणि भेंडीवर दोन्ही पाखरं हजर. रेमंडला आनंद मावेना. "बघ गो, गेले नाय. घाबरले पन नाय." तो खाटेशी वाकून म्हणाला. तेरेसाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तोंड भिंतीकडे फिरवलं. कालची दगदग, त्याने मनाशी म्हटलं. दिवसभर तिने पेज घेतली नाही. भरवायला गेला की ओठ घट्ट मिटायची.

मंगळवारी सकाळी तो खिडकीशी बसला होता, तेरेसाचं तोंड अजून भिंतीकडेच होतं. नराने बुडी मारली, मासळी आणली, फांदीवर आपटली. पण गिळली नाही. उलटी फिरवून धरली, तिचं डोकं चोचीबाहेर ठेवून, आणि तसाच खाली काठाकडे झेपावला. काठाशी हवेत पंख फडफडवत थांबला, चोच मातीवर आपटली, परत फांदीवर आला. पुन्हा गेला. पुन्हा आपटला. त्याच जागी. मासळी चोचीतच. मग मादी आली. तिच्याही चोचीत मासळी, तीही तशीच उलटी.

रेमंड बघत बसला. त्याला काहीतरी खटकत होतं, पण काय ते धरता येईना. एवढी मेहनत करून पकडलेली मासळी खात का नाहीत?

"सॅन्ड्रा," त्याने हाक मारली. "इकडं ये. यांचं काय चाललंय?"

सॅन्ड्रा कामावर निघाली होती, खांद्याला पर्स अडकवून आली. क्षणभर बघितलं आणि मोबाईल काढला. बोट वर-खाली फिरवत वाचत गेली. वाचता वाचता थांबली.

"पप्पा," ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "हा झाडावर घरटं करत नाही. मातीच्या काठात बीळ खणतो. आत हातभर लांब. बिळाच्या तोंडाशी पांढरी शीट असते आणि मासळीचा वास येतो. पिल्लांना भरवायला नेतो तेव्हा मासळीचं डोकं बाहेरच्या बाजूला धरतो, असं लिहिलंय. म्हणजे पिल्लाला डोक्याकडून गिळता यावी म्हणून."

रेमंड उठला तेव्हा खुर्ची मागे पडली. चपला न घालता तो केळीतून धावत गेला, भेंडीशी पालथा पडून काठावरून खाली वाकला आणि नखांनी माती उकरायला लागला. माती उन्हाने वाळून दगड झाली होती. त्याच्याच हातचं काम होतं, सहजासहजी सुटणार नव्हतं. सॅन्ड्राने कोयता आणून दिला. कोयत्याच्या टोकाने त्याने जपून ढेपा काढल्या, मग ओला गोळा लागला, मग पोकळी. त्याने दंडापर्यंत हात आत घातला. पिसं लागली. थंड.

एकेक करून त्याने पिल्लं बाहेर काढली आणि गवतावर ठेवली. पिसं फुटलेली होती, निळी, अजून टोकाला काट्यांसारखी. चोची अजून आखूड. बिळाच्या तोंडाकडे डोकी करून सगळी एकमेकांना चिकटून पडली होती. शेवटचं हाताला लागलं ते गरम होतं.

"जिवंत हाय!" रेमंड ओरडला. "तेरेसा! एक जिवंत हाय गो!"

दोन्ही तळव्यांत धरून तो पळत खोलीत आला. पिल्लाचं पोट वर-खाली होत होतं. तेरेसाने भिंतीकडचं तोंड वळवलं. पिल्लू बघितलं. तिचे ओठ हलले, एकदा, दोनदा, आणि घशातून ओढून काढल्यासारखा शब्द आला.

"खं... ड्या."

"पप्पा, मम्मी बोलली!" सॅन्ड्राने तोंडावर हात दाबला. "पूर्ण बोलली!"

रेमंडने पिल्लू तेरेसाच्या डाव्या तळव्यात ठेवलं. तिने बोटं अलगद मिटली, त्याला ऊब मिळेल इतपत. सॅन्ड्रा शेजारून माशांची बारीक पिल्लं घेऊन आली. डोक्याकडून धरून पिल्लाच्या चोचीशी नेली, चोच उघडली नाही. पाण्याचा थेंब लावला, तो ओघळून तेरेसाच्या मनगटावर गेला. शेजारचं कुणीतरी म्हणालं बिळापाशी परत ठेवा, आईबाप येतील. रेमंड बाहेर जाऊन बघून आला. भेंडीची फांदी रिकामी होती. तो बराच वेळ उभा राहिला. पाण्यावरून काहीच आलं नाही. त्यानंतरही कधी आलं नाही.

आत आला तेव्हा सॅन्ड्रा मान खाली घालून खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तेरेसाची मूठ तशीच अर्धी मिटलेली होती, पण आतलं पोट हलायचं थांबलं होतं.

सॅन्ड्राने आईच्या कपाळावर हात ठेवला. "मम्मी, परत म्हण ना. खंड्या. म्हण." तेरेसा तिच्याकडे बघत राहिली. ओठ हललेसुद्धा नाहीत. सॅन्ड्रा उठून बाहेर गेली आणि पडवीत तिचं रडणं ऐकू यायला लागलं.

रेमंड खाटेच्या कडेला बसला. हात चिखलाचे, नखं फुटून रक्त आलेलं. खिडकीतून त्याने पाहिलं आणि मग वाकून, बायकोच्या उशीपर्यंत डोकं खाली नेऊन, पुन्हा पाहिलं. भेंडीच्या पानांखालून पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता. मधोमध त्याने उकरलेलं भोक.

"तुला इथून दिसत होतं ते?" त्याने विचारलं.

तेरेसाने मान हलवली. होय.

"पहिल्यापासून?"

होय.

"रविवारी मी बुजवत होतो तवा... तू त्याच्यासाठी..."

होय.

आणि नकळतच रेमंड बोलून गेला, कुठल्याही घरात कुठल्याही नवऱ्याने बायकोला म्हणावं तसं, थोडंसं चिडूनच: "अगं, मग सांगायचं नाय का मना?"

शब्द बाहेर पडले आणि मग त्याला ते ऐकू आले. एवढ्या वर्षांच्या संसारात हे विचारायची पाळी त्याच्यावर कधीच आली नव्हती. तिने सांगितलं नाही असं काही उरतच नसे.

तेरेसाने डावा हात सावकाश पुढे केला, मूठ उघडली आणि ते मेलेलं पिल्लू त्याच्या हातात दिलं.